स्कॉटलंडनें काय विकलें?

१७०७ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस स्कॉटलंड हें स्वतंत्र राज्य म्हणून संपलें. कायद्याच्या काटेकोर भाषेंत बोलावयाचें तर त्याच दिवशीं इंग्लंडहि संपलें, आणि दोहोंच्या जागीं ग्रेट ब्रिटन हें नवें राज्य जन्मास आलें. पण लंडनमध्यें राणी ॲन सेंट पॉलच्या मंदिरांत थाटामाटानें आभाराच्या प्रार्थनेस गेली. आणि एडिंबरोंत, असें सांगतात कीं, सेंट जाइल्सच्या घंटांवर त्या दिवशीं जी चाल वाजविली ती लग्नाच्या दिवशींच नवरी उदास कां, अशा अर्थाच्या एका जुन्या गाण्याची होती. एकाच विवाहाच्या या दोन घरच्या दोन तऱ्हा पाहिल्या म्हणजे मुलगी कोणाची गेली हें निराळें सांगावें लागत नाहीं.

इंग्लंडच्या इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत हा प्रसंग बहुधा चार ओळींत उरकलेला असतो. स्कॉटलंड गरीब होतें, इंग्लंड श्रीमंत होतें. गरिबानें श्रीमंताशीं भागी केली आणि त्याचें कल्याण झालें, एवढाच त्याचा मथितार्थ. उलट स्कॉटलंडमधील देशाभिमानी परंपरा सांगते कीं, कांहीं उमरावांनीं सोन्याच्या लोभानें राष्ट्र विकलें. कवि बर्न्स यानें या आरोपावर गीतहि रचलें आहे. आम्हांला हीं दोन्हीं मतें अपुरीं वाटतात. सौदा झाला यांत शंका नाहीं. पण सौद्याचा विचार करतांना किंमत किती आली एवढेंच पाहून भागत नाहीं. माल कोणता दिला, कोणता घरीं राखला, आणि विकणाराच्या मानेवर त्या वेळीं कोणाचा हात होता, हेंहि पाहावें लागतें.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. १६०३ मध्यें स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स हाच वारसाहक्कानें इंग्लंडच्या गादीवर आला. राजा एक झाला, पण पार्लमेंटें दोन, कायदे दोन, जकाती दोन. राजा लंडनला राहूं लागला आणि साहजिकच लंडनच्या नजरेनें पाहूं लागला. इंग्लंडच्या शत्रूशीं स्कॉटलंडलाहि वैर धरावें लागे, मग तो शत्रु स्कॉटलंडचें जुनें गिऱ्हाईक कां असेना. मात्र १६६० च्या नौकानयनाच्या कायद्याप्रमाणें इंग्लंडच्या वसाहतींशीं व्यापार करण्यास स्कॉटिश माणूस परका ठरे. युद्धापुरते आपण एक आणि नफ्यापुरते दोन, असा तो संसार होता. फ्रान्स व हॉलंड यांच्याशीं असलेला पूर्वापार व्यापार या युद्धांनीं खिळखिळा झाला, आणि मोठें असें गिऱ्हाईक एकच उरलें, तें इंग्लंड. गुरें, लिनन कापड आणि दगडी कोळसा हा माल दक्षिणेकडे जाई. एकाच गिऱ्हाइकावर दुकान चालविणाऱ्याची स्थिति काय होते हें ज्याला ठाऊक आहे, त्याला पुढील हकीकत अर्धी कळल्यासारखीच आहे.

या कोंडींतून बाहेर पडण्याचा स्कॉटलंडनें एक धाडसी प्रयत्न केला. १६९५ मध्यें एडिंबरोच्या पार्लमेंटानें आफ्रिका व इंडीज यांच्याशीं व्यापार करणारी एक कंपनी काढण्यास सनद दिली. तिचा प्राण विल्यम पॅटरसन. बँक ऑफ इंग्लंडची योजना मांडणारा तो हाच स्कॉटिश गृहस्थ. आरंभीं लंडनमध्येंच तीन लाख पौंडांचे भाग हां हां म्हणतां खपले. त्याबरोबर ईस्ट इंडिया कंपनीचें धाबें दणाणलें. तिनें इंग्लिश पार्लमेंटाकडे धांव घेतली, आणि लंडनच्या भागीदारांनीं भीतीनें अंग काढून घेतलें. तेव्हां स्कॉटलंडनें इरेस पेटून एकट्यानें चार लाख पौंडांचे आंकडे घातले. उमराव, वकील, व्यापारी, विधवा, नगरसभा, ज्यांच्यापाशीं चार पैसे होते त्यांनीं ते या कंपनींत गुंतविले.

जागा निवडली ती पनामाच्या संयोगभूमीवरील डॅरिएन. पॅटरसनची दृष्टि खोटी नव्हती. अटलांटिक व पॅसिफिक यांच्यामधील तो चिंचोळा पट्टा जगाच्या व्यापाराची किल्ली होईल हें त्याचें भाकीत १९१४ मध्यें पनामाचा कालवा सुरू झाल्यावर खरें ठरलें. पण दोनशें वर्षें आधीं सुचलेली खरी कल्पना खोट्या कल्पनेइतकीच घातक असते. १६९८ च्या जुलैंत लीथ बंदरांतून पांच जहाजें सुमारें बाराशें माणसें घेऊन निघालीं. ज्वर, उपासमार आणि पाऊस यांनीं त्यांची दाणादाण उडविली. स्पेन ती भूमि आपली मानी. आणि स्पेनला दुखवावयाचें नाहीं म्हणून अमेरिकेंतील इंग्लिश वसाहतींना हुकूम सुटला कीं, या लोकांना कसलेंहि साहाय्य देऊं नये. राजा विल्यम हा स्कॉटलंडचाहि राजा होता हें येथें विसरतां कामा नये. त्याच्याच नांवानें कंपनीला सनद मिळाली होती, आणि त्याच्याच नांवानें तिच्या माणसांचें अन्न तोडलें गेलें. १७०० च्या वसंतांत दुसरी तुकडी स्पॅनिश सैन्यास शरण गेली. एकंदर सुमारें दोन हजार माणसें मेलीं. त्यांत पॅटरसनची पत्नीहि होती. याच वर्षांत मायदेशीं ओळीनें पिकें बुडून दुष्काळ पडला होता, हें निराळेंच.

संताप कोठें तरी निघावयाचाच. १७०४ मध्यें ‘वूस्टर’ नांवाचें एक इंग्लिश जहाज आपल्याकडील मलबार किनाऱ्यावरून परततांना स्कॉटलंडच्या आश्रयास आलें. ईस्ट इंडिया कंपनीच्या सांगण्यावरून त्याआधीं स्कॉटिश कंपनीचें एक जहाज इंग्लंडांत जप्त झालें होतें. त्याचा वचपा म्हणून हें अडकविण्यांत आलें. मग खलाशांच्या बडबडीवरून संशय उठला कीं, स्कॉटिश कंपनीचें बेपत्ता झालेलें दुसरें एक जहाज मलबारच्या समुद्रांत यांनींच लुटलें. पुरावा म्हणावा असा जवळजवळ नव्हताच. तरी कप्तान ग्रीन व त्याचे दोन सोबती यांना एप्रिल १७०५ मध्यें लीथच्या वाळवंटांत, जमावाच्या गर्जनेंत, फांशीं देण्यांत आलें. व्यापारांत मार खाल्लेलें राष्ट्र न्यायासनावर बसलें म्हणजे काय होतें त्याचा हा नमुना.

इंग्लंडलाहि या वेळीं एक नड होती. राणी ॲनचें एकहि मूल जगलें नव्हतें. तिच्यामागें हॅनोव्हरचें घराणें गादीवर यावें असें इंग्लिश पार्लमेंटानें १७०१ मध्यें ठरवून टाकलें, तें स्कॉटलंडला न विचारतां. एडिंबरोनें याचें उत्तर आपल्या कायद्यानें दिलें: आमचा व्यापार, आमचा धर्म आणि आमची राज्यव्यवस्था यांची हमी मिळाल्याखेरीज आम्ही तोच राजा निवडणार नाहीं. फ्रान्सशीं युद्ध चालू असतां पाठीशीं निराळा राजा असलेलें स्कॉटलंड ही कल्पना लंडनला असह्य होती. म्हणून १७०५ च्या आरंभीं इंग्लंडनें ‘परकीयांचा कायदा’ केला. नाताळापर्यंत वारसा मान्य करा किंवा एकीकरणाच्या वाटाघाटीला या. नाहीं तर स्कॉटिश माणूस इंग्लंडांत परका, आणि गुरें, लिनन व कोळसा यांना बाजार बंद. हत्यार किती नेमकें निवडलें होतें पाहा! तोफ नाहीं, सैन्य नाहीं. दुकानाचें दार तेवढें लावून घेतलें. तो कायदा वर्ष संपण्यापूर्वींच मागें घेण्यांत आला, पण त्याचें काम होऊन गेलें होतें.

वाटाघाटी १७०६ च्या एप्रिलपासून जुलैपर्यंत लंडनला झाल्या. दोन्ही बाजूंचे एकतीस-एकतीस प्रतिनिधि, पण बसावयाचे दोन निराळ्या दालनांत, निरोप लेखी. स्कॉटिश बाजूनें संघराज्याची गोष्ट हळूच काढून पाहिली. इंग्लिश बाजूनें तिकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं. पुरें एकीकरण असेल तर पुरा व्यापार. नाहीं तर कांहींच नाहीं. सहकार्य आणि विलीनीकरण यांच्यामध्यें ज्या अनेक पायऱ्या असूं शकतात त्या सर्व त्या दिवशीं काढून टाकण्यांत आल्या. आमच्या मतें या साऱ्या प्रकरणाचें मर्म हेंच आहे. स्कॉटलंडपुढें व्यापार कीं स्वातंत्र्य असा प्रश्न निसर्गानें टाकला नव्हता; तो तशा रूपांत मुद्दाम घडविण्यांत आला.

तहाचीं कलमें पंचवीस. त्यांपैकीं निम्म्याहून अधिक करांच्या, जकातींच्या, नाण्यांच्या आणि वजनामापांच्या गोष्टी बोलतात. चवथ्या कलमानें वसाहतींसह सर्व व्यापार स्कॉटलंडला मोकळा झाला. नववें कलम आम्हांला नेहमींच मौजेचें वाटतें. इंग्लंडांतून जमिनीवरील कराचे १९,९७,७६३ पौंड ८ शिलिंग ४½ पेन्स वसूल होतील तेव्हां स्कॉटलंडनें ४८,००० पौंड द्यावे, असें तें सांगतें. शतकानुशतकांचें राज्य मिटवितांना अर्ध्या पेनीचाहि हिशेब चुकूं दिला नाहीं! करांतला स्कॉटलंडचा वांटा हा इंग्लंडच्या सुमारें एकचाळिसाव्या भागाइतका झाला. पार्लमेंटांत इंग्लंडच्या ५१३ सभासदांशेजारीं स्कॉटलंडचे ४५, म्हणजे साडेअकरांस एक. लोकसंख्येंत मात्र पांचांस एक. माणसें मोजलीं तर अन्याय, पैसा मोजला तर मेहेरबानी. राष्ट्र कोणत्या मापानें मोजावें याचा निर्णय कोणींच केला नाहीं. दोन मापांच्या मध्यें कोठें तरी एक आंकडा घातला आणि मोकळे झाले.

इंग्लंडच्या राष्ट्रीय कर्जाचा भार आतां स्कॉटलंडवरहि पडणार, त्याची भरपाई म्हणून ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग एडिंबरोस पाठवावयाचे ठरले. यांतील मोठा भाग डॅरिएनच्या कंपनीच्या भागीदारांस त्यांचें मुद्दल शेंकडा पांच व्याजासह परत करण्यासाठीं होता, आणि ती कंपनी मोडावयाची होती. येथील चलाखी पाहण्यासारखी आहे. ज्यांच्या हातांत मतें होतीं त्यांच्यापैकीं पुष्कळांचा पैसा डॅरिएनच्या चिखलांत रुतलेला. तो वर निघण्याचा मार्ग एकच, तहाला अनुकूल मत. आणि ही भरपाई तरी कसली? जें कर्ज स्कॉटलंडनें काढलेंच नव्हतें तें फेडण्यास पुढें जे कर भरावे लागणार, त्यांतलेच कांहीं पैसे आगाऊ हातावर ठेवले इतकेंच.

१७०६ च्या ऑक्टोबरपासून एडिंबरोंत चर्चा सुरू झाली. राजधानींत दंगे, ग्लासगोंत दंगे, डम्फ्रीजला तहाच्या कलमांची भर गांवांत होळी. ठिकठिकाणांहून विरोधाचे अर्ज येत, बाजूनें जवळजवळ एकहि नाहीं. पुढें ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिणारा डॅनियल डीफो या वेळीं इंग्लिश मंत्र्याचा हेर म्हणून तेथें राहत होता; उघडपणें तो तहाच्या गुणांवर पत्रकें लिही आणि गुप्तपणें लंडनला बातम्या पाठवी.

सभेंत लॉर्ड बेलहेवन यानें मातृभूमि कॅलिडोनिया ही सीझरप्रमाणें आपल्याच माणसांच्या घावाची वाट पाहत सभागृहांत बसली आहे, असें चित्र रंगविलें. पिटमेडनचा विल्यम सीटन यानें मात्र रुक्षपणें सांगितलें कीं, आरमार नसलेल्या गरीब राष्ट्राला स्वतःच्या बळावर परदेशी व्यापार राखतां येत नाहीं. कोणा तरी बलिष्ठ शेजाऱ्याचें छत्र हवेंच. डॅरिएनची जखम ताजी असतां याला उत्तर देणें सोपें नव्हतें. तें उत्तर साल्टूनचा अँड्रू फ्लेचर यानें १७०३ मध्येंच देऊन ठेवलें होतें: राजाचे अधिकार आपल्या पार्लमेंटानें बांधून घ्यावे, म्हणजे लंडनला बसलेला राजा स्कॉटलंडचा कारभार इंग्लिश मंत्र्यांच्या सल्ल्यानें हांकूं शकणार नाहीं. रोग दारिद्र्याचा नसून दुसऱ्याच्या तंत्रानें चालणाऱ्या राजसत्तेचा आहे, हें त्याचें निदान आम्हांला बरोबर वाटतें. पण औषध सोसण्याइतकी रोग्याची शक्ति उरली नव्हती. विरोधकांचा पुढारी ड्यूक ऑफ हॅमिल्टन तर ऐन वेळीं दांतदुखीची सबब सांगून घरीं बसला. १६ जानेवारी १७०७ रोजीं चाळिसांहून अधिक मतांच्या फरकानें तह मंजूर झाला. चॅन्सेलर सीफील्ड यानें सही करतांना, एक जुनें गाणें संपलें, अशा अर्थाचा उद्गार काढल्याचें सांगतात.

लांचेचें म्हणाल तर तीहि होती. इंग्लंडच्या खजिन्यांतून २०,००० पौंड गुपचूप एडिंबरोस आले होते; नांव थकलेल्या पगाराचें. १७११ मध्यें चौकशी होऊन यादी बाहेर पडली. तींत लॉर्ड बॅन्फच्या नांवापुढें ११ पौंड २ शिलिंग आहेत. परंतु तहाविरुद्ध मत देणाऱ्या अथोलच्या ड्यूकलाहि त्यांतून हजार पौंड मिळाले होते, त्यावरून लांचेनें सर्व उलगडा होत नाहीं हें उघड आहे. अकरा पौंडांत राष्ट्र विकलें जात नसतें. अकरा पौंडांत फार तर आधींच वाकलेल्या माणसाची लाज विकत घेतां येते.

आतां बाजारांत काय मांडलें नव्हतें तें पाहूं. नोव्हेंबर १७०६ मध्येंच एडिंबरोच्या पार्लमेंटानें निराळा कायदा करून आपलें प्रेस्बिटेरियन चर्च आणि चारहि विद्यापीठें कायमचीं सुरक्षित करून घेतलीं. स्कॉटिश कायदा व तेथील वरिष्ठ न्यायालय हीं तहाच्या कलमांनींच राखलीं. नगरांचे हक्क तसेच राहिले. म्हणजे पार्लमेंट गेलें, पण धर्मोपदेशक, वकील आणि शिक्षक राहिले. त्या काळीं सामान्य माणसाचा पार्लमेंटाशीं संबंध कितीसा येणार? रविवारीं तो चर्चमध्यें जाई, भांडण झालें तर आपल्याच न्यायालयांत जाई, मुलगा हुशार निघाला तर ग्लासगोच्या किंवा अॅबरडीनच्या विद्यापीठांत पाठवी. पुढें ह्यूम व स्मिथ यांच्या पिढीनें जी विद्या युरोपला दिली, ती या न विकलेल्या जमिनींत पिकली. एकीकरणाचे भाट तिचें सारें श्रेय व्यापाराला देतात. आम्हांला तें पटत नाहीं.

व्यापाराचें फळ मुळीं लौकर आलेंच नाहीं. १७१३ मध्यें तहाच्या वचनाला बगल देऊन माल्टवर, म्हणजे बिअरसाठीं मोड आणलेल्या धान्यावर, कर बसविण्याचें ठरलें, तेव्हां उमरावांच्या सभेंत एकीकरण मोडून टाकण्याचा ठराव आला. मांडणारा कोण? तोच सीफील्ड, आतां फिंडलेटरचा अर्ल! ठराव अवघ्या चार मतांनीं पडला. १७२५ मध्यें त्याच करावरून ग्लासगोंत दंगा होऊन तेथील पार्लमेंट-सभासदाचें घर लुटलें गेलें. लोंकरीचें बारीक कापड विणणारे इंग्लिश मालापुढें टिकले नाहींत. खुद्द डीफोला वीस वर्षांनीं देशाचें वर्णन लिहितांना कित्येक गांवीं अपेक्षित भरभराट दिसली नाहीं. मग हळूहळू ग्लासगोचा तंबाखूचा व्यापार वाढला. १७७१ च्या सुमारास वर्षाला चार कोटी पौंड वजनाहून अधिक तंबाखू क्लाइड नदीच्या बंदरांत उतरे. ती व्हर्जिनियांत गुलामांच्या श्रमानें पिके, हें जमाखर्चांत कोणी लिहीत नसे. ॲडम स्मिथनें १७६० मध्यें एका पत्रांत म्हटलें आहे कीं, एकीकरणापासून देशाचें अपार हित झालें, पण त्याच्या तात्कालिक परिणामानें प्रत्येक वर्गाचें नुकसानच केलें होतें. किंमत आजोबांनीं दिली आणि माल नातवांच्या हातीं पडला. त्या आजोबांना मूर्ख किंवा नातवांना कृतघ्न म्हणण्याचें कारण नाहीं.

आणखी एक बाजार या तहानें उघडला, आणि त्याची कथा आम्हां महाराष्ट्रीयांच्या दारापर्यंत येते. जिच्या ईर्ष्येनें डॅरिएनच्या कंपनीचें भांडवल तुटलें, त्याच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकऱ्यांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत स्कॉटिश घराण्यांतील मुलगे मोठ्या संख्येनें शिरले. पुण्याचा रेसिडेंट व पुढें मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, १८१८ च्या जूनमध्यें दुसरा बाजीराव ज्याच्या स्वाधीन झाला तो जॉन माल्कम, साताऱ्यास रेसिडेंट राहून १८२६ मध्यें मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारा ग्रँट डफ, हे तिघेहि स्कॉटिश. ग्रँट डफचें जन्मगांव बॅन्फ; त्या ११ पौंड २ शिलिंगवाल्या लॉर्डची पदवी याच गांवावरून. ज्यांचें राज्य कलमांनीं संपलें त्यांच्या पणतवांनीं दुसऱ्याचें राज्य संपवावें आणि वर त्याचा इतिहासहि लिहावा! एल्फिन्स्टनच्या सौजन्याविषयीं आमच्या मनांत आदर आहे. परंतु एकीकरणाच्या नफ्यांत ही रक्कम जमा धरावयाची असेल तर ती कोणाच्या खात्यांतून आली, हें विचारण्याचा अधिकार आम्हांला आहे.

योगायोग असा कीं, १८२६ सालींच लंडनच्या सरकारनें पांच पौंडांखालील नोटा बंद करण्याचें ठरविलें आणि सर वॉल्टर स्कॉट टोपणनांवानें पत्रें लिहून त्याविरुद्ध उभा राहिला. सरकारला माघार घ्यावी लागली. स्कॉटलंडमधील तीन बँका आजहि आपापल्या नोटा छापतात. नोटांवर चित्रें स्कॉटिश. त्यांच्यामागील तारण मात्र बहुतांशीं बँक ऑफ इंग्लंडमध्यें. त्यांतली रॉयल बँक ही मूळ त्या भरपाईच्या रकमेच्या रोखेदारांनीं १७२७ मध्यें काढलेली. २००८ च्या आर्थिक अरिष्टांत ती बुडूं लागली तेव्हां लंडनच्या खजिन्यानें सुमारें ४५ अब्ज पौंड घालून तिला तारलें.

१९९९ मध्यें एडिंबरोंत पुन्हां पार्लमेंट भरलें. १७०७ मध्यें तहकूब झालेली सभा पुढें चालू होत आहे, असें ज्येष्ठ सभासद विनी ईविंग यांनीं त्या दिवशीं जाहीर केलें. १८ सप्टेंबर २०१४ रोजीं स्वातंत्र्यावर सार्वमत झालें तेव्हां ५५ टक्के लोकांनीं नको म्हटलें, ४५ टक्क्यांनीं हवें म्हटलें. त्या वादांत मोठा प्रश्न पौंडाचा होता. वेगळें झालांत तर चलनांत भागी मिळणार नाहीं, असें लंडननें आधींच बजावलें होतें. १७०५ सालची रीत फारशी जुनी झालेली दिसत नाहीं. दोन वर्षांनीं युरोपीय संघाचा प्रश्न आला. स्कॉटलंडमधील ६२ टक्के मतदारांनीं संघांत राहावें असें सांगितलें, पण ब्रिटनचें एकूण मत उलट पडलें आणि २०२० मध्यें तेंहि बाहेर पडलें. मोठा बाजार मिळतो म्हणून ज्या एकीकरणाचें तीनशें वर्षें समर्थन झालें, त्याच्याच पायीं त्याहून मोठा बाजार हातचा गेला. दुसरें सार्वमत लंडनच्या संमतीवांचून घेतां येणार नाहीं, असा निर्णय २०२२ मध्यें ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानें दिला आहे. आणि समजा, उद्यां तें झालें, स्कॉटलंड वेगळें होऊन युरोपांत परत गेलें, तरी १७०७ मध्यें पुसलेली जकातीची रेघ पुन्हां ट्वीड नदीवर उमटणार. देशाबाहेर जाणाऱ्या त्याच्या मालापैकीं व सेवांपैकीं सुमारें साठ टक्के अजून ब्रिटनच्या इतर भागांतच खपतात. त्या काळीं गुरें आणि कोळसा जात असे, आतां वीज आणि बँकांच्या सेवा जातात. गिऱ्हाईक तेंच आहे.